बत्तीस केबीचा संगणक आणि कपिलधारचा धबधबा : मुलांसोबत प्रोग्रामिंगची सुरुवात



मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये पालकसभा संपल्यावर एक वडील मागे थांबले. म्हणाले, "मॅडम, पोरीला कोडिंगचा क्लास लावावा का? मोबाईलवर सारखी जाहिरात येतीय." फीचा आकडा त्यांनी सांगितला तेव्हा काय बोलावं मला कळेना. हे कुटुंब दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतं. मी म्हटलं, "क्लास लावू नका. मला दोन महिने द्या." बोलून तर गेले, पण घरी जाईपर्यंत पोटात गोळा आला होता. मी डीएड झालेली प्राथमिक शिक्षिका. संगणकाचा माझा अभ्यास म्हणजे एमएससीआयटी. प्रोग्रामिंग मला स्वतःलाच येत नव्हतं.

त्या दोन महिन्यांत मी काय केलं, पाचवीच्या वर्गाला काय दिलं आणि कुठे कुठे फसले, ते या लेखात लिहिते आहे. तुमच्याकडे एक जुना संगणक आणि चौकटीची वही असेल तर तुम्हालाही हे करता येईल.

आमची शाळा कपिलधारच्या परिसरात, बालाघाटाच्या डोंगरात. मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारचा धबधबा यामुळे हे ठिकाण तुम्हाला माहीत असेल. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला आला असाल तर पाहिलंही असेल. शाळेत लोकसहभागातून मिळालेला एक जुना डेस्कटॉप आहे. इंटरनेट नाही. आजकालची चित्रांची सॉफ्टवेअर त्यावर चालतात, पण रडतखडत. म्हणून मी उलट दिशेने शोधायला लागले. या संगणकाला अगदी हलकं वाटेल असं काय आहे?

उत्तर मिळालं ते एका निवृत्त सहकाऱ्यांच्या गप्पांतून. ते म्हणाले, "आमच्या हायस्कूलला चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला बीबीसीचे संगणक आले होते. पण ते कुलपात असायचे. हेडसरांना वाटायचं, पोरं मोडतील." मला आधी ती थट्टाच वाटली. बीबीसी म्हणजे बातम्या ना? पण खरंच तसा संगणक होता.

बीबीसी मायक्रो हा संगणक इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या शेवटी आणला. बीबीसीने लोकांना संगणक शिकवायची मोहीम काढली होती. १९८२ च्या जानेवारीत त्यासाठी टीव्हीवर मालिका सुरू झाली आणि तिच्या जोडीचा संगणक म्हणून हे यंत्र निवडलं गेलं. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प प्रायोगिक पातळीवर सुरू केला. शाळांमध्ये संगणक साक्षरता आणायची हा त्याचा हेतू. त्यासाठी निवडलेलं यंत्र हेच. असे सुमारे १२,००० संगणक राज्य सरकारांमार्फत देशभरातल्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना मिळाले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची भारतीय आवृत्तीही बनवली, तिचं नाव युनिकॉर्न. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी आपल्या सरकारी शाळांत प्रोग्रामिंगची सोय येऊन पोचली होती. कुलूप कुणी लावलं हा वेगळा विषय.

या यंत्राची स्मरणशक्ती किती? ३२ केबी. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटो यापेक्षा मोठा असतो. एवढ्याशा जागेत चित्रं, रंग, आवाज सगळं बसवलेलं. आणखी एक गंमत पालकांसाठी सांगते. या संगणकातली बेसिक भाषा मुख्यतः सोफी विल्सन यांनी लिहिली. पुढे त्यांनी आणि स्टीव्ह फर्बर यांनी एकॉर्नमध्येच एआरएम या प्रोसेसरची रचना केली. त्याची पहिली चिप १९८५ मध्ये चालू झाली. तुमच्या खिशातल्या मोबाईलचा प्रोसेसर जवळजवळ नक्कीच त्याच घराण्यातला आहे.

आता खरं यंत्र शोधत बसायची गरज नाही. आजच्या संगणकावर जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम असतात, त्यांना एम्युलेटर म्हणतात. मी बीडला एका नातेवाइकांच्या घरी 'बीबेम' नावाचा एम्युलेटर पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. तो फुकट आहे आणि नंतर इंटरनेट लागत नाही. ज्यांच्याकडे इंटरनेट आहे त्यांना 'जेएसबीब' थेट ब्राउझरमध्ये चालवता येतो. एक सूचना आत्ताच देते, नाहीतर माझ्यासारखा एक रविवार वाया जाईल. जुन्या कीबोर्डवर काही खुणांच्या जागा वेगळ्या होत्या. बीबेमच्या कीबोर्ड मेनूत 'लॉजिकल' हा पर्याय निवडा, म्हणजे बटणावर जे छापलं आहे तेच उमटतं.

दुसरा पर्याय झेडएक्स स्पेक्ट्रम. १९८२ चा, आणखी स्वस्त आणि तिकडे घराघरात गेलेला. आपल्याकडे डेसिबेल्स या कंपनीने तो काढला होता. त्यात वर्तुळ काढायची तयार आज्ञा आहे, जी बीबीसी मायक्रोत नाही. पण त्याच्या एकेका बटणावर पूर्ण आज्ञा बसवलेल्या आहेत. पी दाबलं की अख्खा 'प्रिंट' शब्द उमटतो. मोठ्यांना मजा वाटेल, पाचवीची मुलं मात्र गोंधळतात. बीबीसी मायक्रोत अक्षर न् अक्षर टाइप करावं लागतं. आमच्या मुलांचं इंग्रजी स्पेलिंग त्या निमित्ताने सुधारलं, हा न मागता मिळालेला फायदा.

सुरू केल्यावर काय दिसतं?

काही नाही. हाच तर मुद्दा आहे. मोबाईल उघडला की पन्नास चित्रं बोलावतात. इथे 'टूं-बीप' असा आवाज होतो, काळ्या स्क्रीनवर दोन-तीन ओळी येतात आणि एक छोटी खूण लुकलुकत उभी राहते. माझ्या वर्गातली मुलं पाच मिनिटं नुसती बघत बसली. मग एकाने विचारलं, "मॅडम, हा काहीच करंना. बिघडलाय का?" मी म्हटलं, "तो तुझी वाट बघतोय."

मग त्याने स्वतःचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं. संगणकाने उत्तर दिलं : 'मिस्टेक'. वर्ग खदखदा हसला. न समजणारी आज्ञा मिळाली की हे यंत्र खरंच असं एका शब्दात सांगतं. (स्पेक्ट्रम तर 'नॉन्सेन्स' म्हणतो!) दिवसभर मुलं एकमेकांना 'मिस्टेक, मिस्टेक' म्हणत हिंडली. त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. वहीत चूक झाली की जी मुलं पान फाडायची, ती इथे चूक झाली की पुढे वाकून बघायला लागली. लाल शाई नाही, कुणी रागावणार नाही, सगळ्यांना सारखंच 'मिस्टेक'. माझ्या लाल पेनाकडे मी तेव्हापासून जरा संशयाने बघते.

पहिलं चित्र : घर

आज्ञा मी इथे देवनागरीत लिहिते आहे, मुलांच्या वहीतही अशाच लिहून दिल्या. टाइप करताना इंग्रजी मोठ्या अक्षरांत करायच्या. स्पेलिंगचा तक्ता भिंतीवर लावा. लहान अक्षरांत केल्या तर पुन्हा 'मिस्टेक'.

१० मोड १
२० मूव्ह ३००,२००
३० ड्रॉ ९००,२००
४० ड्रॉ ९००,६००
५० ड्रॉ ३००,६००
६० ड्रॉ ३००,२००

शेवटी ओळ क्रमांक न देता 'रन' लिहायचं. 'मूव्ह' म्हणजे पेन उचलून तिथे ठेव. 'ड्रॉ' म्हणजे आहेस तिथून रेघ ओढत तिकडे जा. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. स्क्रीन आडवी ० ते १२७९ आणि उभी ० ते १०२३, आणि शून्य खाली डाव्या कोपऱ्यात. आलेखाच्या कागदावर असतं तसंच. हे फार सोयीचं आहे, कारण पुढे गणितात मुलांना हेच भेटणार आहे.

संगणकाआधी हे मी मैदानावर घेतलं. फक्कीने मोठी चौकट आखली, एक मुलगा 'पेन' झाला आणि बाकीच्यांनी आकडे पुकारले. ज्यांच्या शाळेत संगणकच नाही त्यांनी इथपर्यंत नक्की करा. 'मूव्ह' विसरलं तर काय होतं हे मैदानावर चटकन कळतं : पेन आधी जिथे होता तिथूनच फरफटत येतो आणि घराला नको ती शेपटी फुटते.

ओळींचे क्रमांक दहा-दहाने का, हे मुलं विचारतीलच. मध्ये काही राहिलं तर २५ नंबरची ओळ घालता यावी म्हणून. घराला छप्पर मुलांनीच घातलं : ७० मूव्ह २००,६००, ८० ड्रॉ ६००,८५०, ९० ड्रॉ १०००,६००. एकाने टोक ८५० ऐवजी ८५०० दिलं आणि घराचं छप्पर आभाळातच गेलं. स्क्रीनच्या बाहेर काढलेलं दिसत नाही, पण संगणक तक्रार करत नाही, हे आम्हाला त्याच्यामुळे कळलं.

धबधबा

घर झाल्यावर मुलांनीच सांगितलं, आपला धबधबा काढू. आता एकेक रेघ कोण लिहीत बसणार? इथे 'फॉर–नेक्स्ट' शिकवायची वेळ आली. तेच काम २०० वेळा कर, एवढाच त्याचा अर्थ. सोबत 'आरएनडी', म्हणजे चिठ्ठी टाकून आकडा काढणं.

१० मोड १
२० फॉर एन=१ टू २००
३० एक्स=६००+आरएनडी(८०)
४० मूव्ह एक्स,९००
५० ड्रॉ एक्स,२००
६० नेक्स्ट

मी घरी करून पाहिला नव्हता. वर्गात चालवला. वरून खाली पांढऱ्या रेघा पडू लागल्या, मुलं ओरडली आणि मग थोड्याच वेळात त्या रेघा एकमेकींना चिकटून एक पांढरा चौकोनी ठोकळा तयार झाला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे पाणी नाही, ही भिंत झाली."

का झालं असेल? मोड १ मध्ये स्क्रीनवर आडवे ३२० आणि उभे २५६ ठिपके असतात. आपले आकडे मात्र १२८० पर्यंत, म्हणजे चार आकड्यांना एक ठिपका. ८० आकड्यांची रुंदी म्हणजे जेमतेम वीस ठिपके, आणि त्यात रेघा दोनशे! भागाकाराचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळालं नव्हतं.

मग आम्ही रेघा आखूड केल्या आणि रंग चिठ्ठीने निवडला. ३५ नंबरला 'जीकॉल ०,आरएनडी(४)-१' घातलं, ३७ ला 'वाय=२००+आरएनडी(७००)', ४० ला 'मूव्ह एक्स,वाय' आणि ५० ला 'ड्रॉ एक्स,वाय-६०'. २० च्या जागी 'रिपीट' आणि ६० च्या जागी 'अन्टिल फॉल्स' लिहिलं की हे कधीच थांबत नाही. एस्केप दाबेपर्यंत पाणी पडत राहतं. फक्त ते पाणी नव्हतं. या मोडमध्ये चारच रंग : काळा, लाल, पिवळा, पांढरा. "मॅडम, आग लागली!"

तेव्हा मी वहीत जपून ठेवलेल्या दोन आज्ञा काढल्या. एस्केप दाबून थांबवलं आणि ओळ क्रमांक न देता लिहिलं :

व्हीडीयू १९,१,४,०,०,०
व्हीडीयू १९,२,६,०,०,०

लाल होतं ते सगळं क्षणात निळं झालं, पिवळं होतं ते आकाशी. रेघ एकही पुन्हा काढली नाही. वर्ग एकदम गप्प. संगणकाने ठिपक्यात रंग साठवलेलाच नसतो, रंगाचा नंबर साठवलेला असतो. एक नंबर म्हणजे कुठला रंग हे वेगळ्या यादीत असतं. आपण यादी बदलली. रंगपेटीत लाल वडीच्या जागी निळी वडी ठेवली आणि आधी काढलेली चित्रंही निळी झाली, असं मुलांना सांगितलं तर पटतं. (पुन्हा 'रन' केलं की 'मोड'ची ओळ जुनी यादी परत आणते, म्हणून या दोन आज्ञा १२ आणि १४ नंबरला टाकून द्या.)

चारच रंग का, या प्रश्नालाही उत्तर आहे आणि ते हिशेबाने काढता येतं. ३२० गुणिले २५६ म्हणजे ८१,९२० ठिपके. चार रंगांतला एक निवडायला प्रत्येक ठिपक्याला दोन बिट लागतात. आठ बिटांचा एक बाइट, १०२४ बाइटांचा एक केबी. मांडा हिशेब : बरोबर २० केबी. ३२ केबीच्या घरात २० केबी नुसत्या चित्रालाच गेले! उरलेल्यात प्रोग्राम आणि यंत्राचा स्वतःचा संसार. मोड ४ घेतला तर ठिपके तेवढेच, पण रंग दोनच आणि जागा १० केबी. मोड ५ मध्ये रंग चार, पण ठिपके आडवे निम्मे, म्हणून तिथेही १० केबी. ऊसतोडीच्या घरातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. उचल किती, किराणा किती, हातात उरले किती, हा हिशेब ती रोज ऐकतात.

आठ बाय आठ

सगळ्यात जास्त दिवस आम्ही यावर घालवले आणि यासाठी संगणक शेवटी लागतो. चौकटीच्या वहीत आठ आडव्या, आठ उभ्या चौकटी आखायच्या. वर डावीकडून उजवीकडे लिहायचं : १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आता हव्या त्या चौकटी भरून चित्र करायचं. मग प्रत्येक ओळीत भरलेल्या चौकटींच्या वरचे आकडे मिळवायचे. आठ ओळींचे आठ आकडे मिळतात. ते आठ आकडे म्हणजेच चित्र.

हे देऊळ बघा : २४, ६०, १२६, २५५, ६६, ९०, ९०, २५५. पहिली ओळ २४ म्हणजे १६ अधिक ८, मधल्या दोन चौकटी, कळस. संगणकाला सांगायचं 'व्हीडीयू २३,२४०,' आणि पुढे हे आठ आकडे. मग 'प्रिंट सीएचआर डॉलर (२४०)'. मोड १ मध्ये असाल तर इवलंसं देऊळ उमटतं. आधी मोड द्यायला विसरू नका. सुरुवातीच्या मोड ७ मध्ये हे दिसत नाही, तिथे मी अर्धा तास डोकं खाजवलं आहे.

आपण एकक, दशक, शतक शिकवतो तेव्हा जागा बदलली की किंमत दहापट होते. इथे दुप्पट होते. द्विमान पद्धत हा शब्दही न उच्चारता मुलं ती वापरायला लागली. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुली यात सगळ्यात पुढे. एका मुलाने आकडे उलट्या बाजूने लिहिले, डावीकडे १ आणि उजवीकडे १२८. त्याचं देऊळ बरोबर आलं आणि बैल मात्र पाठमोरा फिरला. देऊळ का फिरलं नाही, यावर वर्गात जोरदार भांडण झालं. मी मध्ये पडले नाही. सममिती हा पाठ मला त्या वर्षी वेगळा शिकवावा लागला नाही.

दिवाळीनंतर त्या वडिलांची टोळी निघाली. काही मुलं आजी-आजोबांजवळ राहिली, काही हंगामी वसतिगृहात. ती मुलगी मात्र धाकट्या भावाला सांभाळायला आईबापासोबत गेली. दोन महिने संपले होते आणि प्रोग्रामिंग तिला आलं असं मी म्हणू शकत नव्हते. जाताना तिला मी चौकटीची एक वही दिली, पहिल्या पानावर १२८ पासून १ पर्यंत आकडे लिहून. दुसरं काय देणार होते?

मार्च संपता संपता ती परत आली. वही मळली होती, पण अठरा चित्रं होती. कोपी, कोयता, चूल, कारखान्याची चिमणी, आणि एक बैल : १६०, २२४, २५४, ६३, ६१, ६१, ३६, ३६. आकडे मी तपासले, सगळे बरोबर. बैलाच्या शेजारच्या पानावर गाडी होती. मी विचारलं, "गाडी वेगळी का काढलीस?" म्हणाली, "आठ चौकटीत बैल आन् गाडी दोन्ही बसत न्हाई. म्हणून दोन घरं जोडून घेतली. जू दोन्हीकडं एकाच ओळीत ठिवलंय." जुने खेळ बनवणारेही मोठं चित्र असंच आठ-आठच्या तुकड्यांत पाडून जोडत असत. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं!

आम्ही बैल २४० वर ठेवला, गाडी २४१ वर, आणि 'प्रिंट'मध्ये दोघांच्या मध्ये अर्धविराम दिला. जोडलेली बैलगाडी उमटली. वडील शाळा सुटताना न्यायला आले होते, त्यांना आत बोलावलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, "टायर लहान झालंय." तिने लगेच वही काढली.

आता तिला गाडी चालवायची आहे. मी उजवीकडे चालवून दाखवणार होते, तर म्हणाली, "बैलाचं तोंड तर डावीकडं हाय." म्हणून 'फॉर एक्स=३७ टू ० स्टेप -१', मग 'प्रिंट टॅब(एक्स,१५)', पुढे बैल, गाडी आणि सगळ्यात शेवटी अवतरणात एक रिकामी जागा, प्रत्येकाच्या मध्ये अर्धविराम. ती रिकामी जागा गाडीची मागची खूण पुसत जाते. ती घातली नाही तर रस्ताभर गाड्यांचे तुकडे पडलेले दिसतात. तुम्हीही आधी न घालताच चालवून बघा, मुलांना कारण शोधू द्या. गाडी फार पळाली तर मध्ये 'फॉर डी=१ टू ५०० : नेक्स्ट' अशी नुसती मोजायला लावणारी ओळ टाका. आमच्या वर्गात सध्या हा ५०० चा आकडा किती असावा यावर वाद चालू आहे. भरलेली गाडी हळू जाते म्हणे, रिकामी जोरात.